मागून गाडी ठोकली की चूक कोणाची, आणि अशा वेळी काय काय करायचं

आपल्याकडे सिग्नलला कुणी कुणाला मागून ठोकलं की दोन मिनिटांत आजूबाजूला दहा जण जमतात आणि तिथल्या तिथे निकाल लागतो, मागच्याची चूक, काढ पैसे. बऱ्याचदा हा निकाल बरोबर पण असतो. पण हीच भानगड कोर्टात गेली की कधी पुढच्यावर निम्मी जबाबदारी येते, कधी सगळीच्या सगळी पुढच्यावर येते, आणि हे सगळं ठरतं ते तुमच्याकडे दाखवायला काय आहे त्यावर. म्हणून ठोकाठोकी का होते, चूक कशी वाटली जाते आणि झालंच तर जागेवर काय करायचं हे एकदा नीट लिहून काढतोय, महाराष्ट्रातल्या रस्त्यांच्या हिशोबाने.

आधी कारण. मोबाईल, झोप, दारू हे सगळं आहेच, पण मुळाशी बघितलं तर एकच गोष्ट असते, दोन गाड्यांमधलं अंतर. लोकांना वाटतं माझे ब्रेक चांगलेत, एबीएस आहे, थांबते गाडी. गाडी थांबते हो, पण पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक दीड सेकंद जातो. ताशी १०० च्या स्पीडला दीड सेकंदात गाडी साधारण ४२ मीटर पुढे गेलेली असते, आणि तोपर्यंत ब्रेक लागलेलाच नसतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरला आणखी ५०-५५ मीटर धरा, म्हणजे जवळपास १०० मीटर झाले. पावसात हेच सव्वाशेच्या वर जातं. आणि आपण एक्सप्रेसवेला पुढच्याच्या डिकीला चिकटून, डिपर मारत, त्याने बाजूला व्हावं म्हणून वाट बघत चालवतो.

अंतर मीटरमध्ये मोजायला जाऊ नका, चालत्या गाडीतून कुणालाच जमत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा किलोमीटरच्या दगडापाशी पोचली की मनात म्हणायला लागा, एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तीन म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर तुम्ही जवळ आहात. पाऊस असेल, धुकं असेल, रात्र असेल तर चार पाच पर्यंत मोजा. पुढे ट्रक किंवा बस असेल तरी वाढवा, कारण त्याच्यापुढे काय चाललंय ते तुम्हाला दिसतच नाही.

आता यावर ठरलेली तक्रार येणार, अंतर ठेवलं की मधे कुणीतरी घुसतो. घुसतोच. पुण्यात तर रिक्षा, स्कुटी आणि पीएमटी तिघं एकाच वेळी घुसतात. मग परत थोडं मागे व्हा, दुसरा उपाय नाही. तासाभराच्या प्रवासात पंधरा गाड्या मधे घुसल्या आणि प्रत्येकाला तीन सेकंद दिले तर उशीर पाऊण मिनिटाचा झाला, एवढंच.

काही जागा आणि काही वेळा मात्र अशा आहेत की तिथे नुसतं अंतर ठेवून भागत नाही, मागून येणाऱ्याकडे पण बघावं लागतं. बोरघाट उतरताना खोपोलीपर्यंतचा पट्टा आणि पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, या दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे. लांब उतार, भरलेला कंटेनर, ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो किंवा खालच्या गिअरमध्ये न राहता सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ड्रम तापतात, ब्रेक पकडेनासा होतो, आणि खाली ट्रॅफिक उभंच असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका वाहनाने डझनावारी गाड्या उडवल्या ते अशाच उतारावर. अशा ठिकाणी जॅममध्ये थांबायची वेळ आली तर लांबूनच हळू व्हायला सुरुवात करा, थांबताना पार्किंग लाईट म्हणजे चारही इंडिकेटर लावा, पुढच्या गाडीचे मागचे टायर दिसतील एवढी जागा सोडून थांबा, आणि मागची गाडी नीट थांबेपर्यंत नजर आरशात ठेवा. ती जागा सोडलेली असली की वेळ पडल्यास बाजूला निघता येतं, आणि कुणी मागून ठोकलंच तरी तुम्ही पुढच्यावर जाऊन आदळत नाही (याचा कायदेशीर फायदा पण आहे, खाली येतोच).

दुसरी वेळ म्हणजे गळीत हंगाम. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर, तिकडे दिवाळीनंतर रात्री गाडी चालवली असेल त्यांना सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस एवढा भरलेला की मागचे दिवे झाकले गेलेत, असले तर, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेत, आणि ट्रॅक्टर चाललाय वीस पंचवीसच्या स्पीडने. तुम्ही ८० ने येताय. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात आला की ट्रॉली दिसते तेव्हा ती शेवटच्या काही मीटरवर असते. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे, समोरून लाईट आला की स्पीड साठच्या खाली आणायचा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची. ट्रॉलीवाल्यांसाठी पण एक वाक्य, मागे लाल रेडियमची पट्टी लावायला शंभर दोनशे रुपये लागतात.

बाकी कारणं पटकन. रंग न मारलेला स्पीडब्रेकर, पहिल्या पावसात रस्त्यावर आलेलं ऑईल, टोलनाक्याला फास्टॅग चालत नाही म्हणून अचानक लेन बदलणारा, हायवेला कट चुकला म्हणून जागेवर ब्रेक मारणारा. आणि एक ज्याकडे कुणीच बघत नाही ते म्हणजे स्वतःचे ब्रेकलाईट. बल्ब गेलेला आपल्याला आत बसून कळत नाही. रात्री पार्किंगमध्ये भिंतीकडे पाठ करून गाडी लावताना ब्रेक दाबा, भिंतीवर दोन्हीकडे लाल उजेड दिसला पाहिजे. बल्ब गेला असेल तर किरकोळ खर्चाचं काम आहे, पण उद्या मागच्याने ठोकलं आणि पंचनाम्यात तुमचा ब्रेकलाईट बंद निघाला तर तुमची बाजू लंगडी पडते.

आता चूक कोणाची. नियमाने सुरुवात मागच्यापासूनच होते. आधी १९८९ चे रस्त्याचे नियम होते, त्यांच्या जागी २०१७ मध्ये मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आली, दोन्हीत अर्थ एकच, पुढचा अचानक हळू झाला किंवा थांबला तरी टक्कर होणार नाही एवढं अंतर मागच्याने ठेवायचं. "त्याने एकदम ब्रेक मारला हो" हे वाक्य म्हणूनच एकटं टिकत नाही, कारण एकदम ब्रेक मारला जाणार हे धरूनच नियम केलाय. निशान सिंग विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स, सुप्रीम कोर्ट, २०१८. ट्रकच्या मागे मारुती कार होती, अंतर १०-१५ फूट, ट्रकने अचानक ब्रेक मारला असं कारवाल्यांचं म्हणणं. कोर्टाने सांगितलं एवढं अंतर सुरक्षित म्हणता येत नाही, निष्काळजीपणा कारच्या ड्रायव्हरचा. १५ फूट म्हणजे साडेचार मीटर, साठच्या स्पीडला पाव सेकंद. एवढ्यात कोण थांबणार.

पण त्याच नियमांत दुसरी बाजू पण आहे, सुरक्षेचं कारण नसताना पुढच्याने एकदम ब्रेक मारायचा नाही. आणि इथे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळ्यांनी वाचावा असा आहे, एस. मोहम्मद हकीम यांचं प्रकरण. कोइम्बतूरला २०१७ मध्ये इंजिनिअरिंगचा विद्यार्थी बाईकवर होता, पुढच्या कारने हायवेवर अचानक ब्रेक मारला, हा मागून जाऊन कारला धडकला, रस्त्यावर पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली, पाय काढावा लागला. कारवाल्याचं म्हणणं, बायको गरोदर होती, तिला उलटी येत होती म्हणून थांबलो. कोर्ट म्हणालं कारण काही असो, हायवेच्या मधोमध मागच्यांना इशारा न देता असं थांबणं चूक आहे. शेवटी वाटणी झाली ती कारवाला ५० टक्के, बसवाला ३० टक्के, आणि बाईकवाला २० टक्के, कारण त्याने पण अंतर ठेवलं नव्हतं आणि लायसन्स पण नव्हतं. म्हणजे त्याच्या भरपाईतून २० टक्के कापले गेले आणि तरीही ९१ लाखांच्या वर रक्कम मिळाली. चौकात जमलेल्या दहा जणांनी त्याला शून्य दिले असते.

उभ्या गाडीला ठोकलं तर गणित अजून बदलतं. रस्त्यात धोका होईल अशी गाडी उभी करून ठेवायची नाही हे मोटार वाहन कायद्याचं कलम १२२. अर्चित सैनी प्रकरणात, हे पण २०१८ चंच, रात्री रस्त्याच्या मधे गॅस टँकर उभा होता, इंडिकेटर नाही, पार्किंग लाईट नाही, समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड डोळ्यावर, आणि कार मागून जाऊन आदळली. हायकोर्टाने कारवाल्यावर पण जबाबदारी टाकली होती, सुप्रीम कोर्टाने ती काढून सगळी टँकरवर ठेवली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धीवर वैजापूरजवळ मिनीबस ट्रकला मागून धडकली, १२ जण गेले, आणि ट्रक रस्त्यात थांबवल्याच्या आरोपावरून आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. तेव्हा हायवेला गाडी बंद पडली तर शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर घ्या, चारही इंडिकेटर लावा, डिकीतला तो लाल त्रिकोण बाहेर काढा (हो, नवीन गाडीसोबत मिळालेला, अजून प्लॅस्टिकमध्ये असेल) आणि गाडीच्या चांगला लांब मागे ठेवा, आणि माणसं रेलिंगच्या पलीकडे उभी करा, गाडीत बसवून ठेवू नका. झाडाची फांदी आणि दगड ठेवायची आपली पद्धत दिवसा ठीक, रात्री तो दगडच पुढच्या बाईकवाल्याला पाडतो.

मागचा निर्दोष असू शकतो अशा अजून दोन तीन गोष्टी रोज होतात. चढावर सिग्नलला किंवा फ्लायओव्हरच्या जॅममध्ये पुढचा हाफ क्लचवर चुकतो आणि गाडी मागे घरंगळून तुमच्या बंपरवर येते, उतरून म्हणतो तुम्ही ठोकलं. किंवा पुढचा रिव्हर्स घेतो. किंवा डावीकडून कट मारून तुमच्यासमोर येतो आणि लगेच ब्रेक मारतो, अंतर तुम्ही ठेवलेलं होतं, ते त्याने खाल्लं. या तिन्हीत तुमच्याकडे व्हिडिओ नसेल तर तुम्ही मागचे आणि मागच्याची चूक, संपलं. डॅशकॅमचे, म्हणजे काचेवर लावलेल्या कॅमेऱ्याचे पैसे इथे वसूल होतात. फक्त एक लक्षात ठेवा, डॅशकॅम जुनं पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड करत राहतो, त्यामुळे टक्कर झाल्या झाल्या लॉकचं बटण दाबा, आणि घरी गेल्यावर कार्ड काढून बाजूला ठेवा, त्याच कार्डावर आठवडाभर ऑफिसला जाऊ नका. क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवून मूळ फाईल उडवणारे लोक पण बघितलेत. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं, तेव्हा मूळ कार्ड जपलेलं असलेलं बरं.

साखळी अपघात, म्हणजे तीन चार गाड्या एकामागे एक, यात मधला सगळ्यात अडचणीत येतो, कारण त्याची गाडी दोन्हीकडून चेपलेली असते. तो थांबलेला होता आणि मागच्याने ढकलल्यामुळे पुढच्यावर गेला, तर पुढच्याच्या नुकसानीचा भार पण ढकलणाऱ्यावर जायला हवा. पण तो आधीच स्वतः पुढच्याला ठोकून बसला होता आणि मग मागून दुसरा आला, तर पुढचं नुकसान याच्या माथी. म्हणून सगळ्यात पुढच्या गाडीवाल्याला तिथेच विचारा, धक्का एक बसला की दोन. एक बसला म्हणाला तर मधला बहुतेक ढकलला गेलाय. शिवाय चेपल्याची उंची बघा. करकचून ब्रेक मारलेल्या गाडीचं नाक खाली जातं, त्यामुळे ती पुढच्याच्या बंपरच्या खालच्या बाजूला घुसते, बोनेटची कड वाकते. ब्रेक सुटून ढकलली गेलेली गाडी बंपरला बंपर बसते. हा काही पक्का पुरावा नाही पण सर्व्हेअर (इन्शुरन्स कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) या गोष्टी बघतो, त्यामुळे फोटो त्या उंचीवर बसून, बाजूने काढा, वरून उभ्याने काढलेल्या फोटोत काही कळत नाही.

झालंच तर काय करायचं. पहिलं म्हणजे थांबा, पळू नका, थांबणं हे कायद्याने बंधनकारक आहे. कुणाला लागलंय का बघा, लागलं असेल तर १०८ ला किंवा ११२ ला फोन, नॅशनल हायवे असेल तर १०३३. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरचं काम आहे, जमाव अंगावर येत असेल तर त्यातून सूट आहे, पण मग सरळ पोलीस स्टेशन गाठा, २४ तासांच्या आत कळवायचंच असतं. मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही, हे जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगा, त्यातला एखादा तरी पुढे येतो.

कुणाला लागलेलं नसेल तर गाड्या हलवायच्या आधी अर्ध्या मिनिटात फोटो घ्या, दोन्ही गाड्या एकत्र येतील असा लांबून एक, नंबरप्लेट, टायरचे घासल्याचे काळे पट्टे, रस्त्यावर पडलेल्या काचा नेमक्या कुठे आहेत, सिग्नल किंवा स्पीडब्रेकर दिसेल असा एक. मग गाड्या साईडला घ्या. भांडण मधल्या लेनमध्ये करू नका, मागून अजून एक येईल. समोरच्याचं लायसन्स, आरसी, इन्शुरन्स यांचे फोटो मागा. आणि रागाच्या भरात किंवा घाबरून "माझीच चूक, मी देतो सगळं" असं तोंडाने किंवा लिहून देऊ नका, लागलंय का विचारायचं, पाणी द्यायचं, बाकी चूक कोणाची ते नंतर.

जागेवर मिटवायचं असेल तर मिटवा, बंपरला ओरखडा आलाय म्हणून पोलीस स्टेशनला दिवस घालवण्यात अर्थ नाही. पण पैसे यूपीआयने घ्या द्या, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, अमुक तारखेला अमुक ठिकाणी झालेल्या टक्करीचे एवढे रुपये दिले, गाडीच्या नुकसानीबद्दल पुढे काही मागणी राहणार नाही, आणि समोरच्याचं "ओके" घ्या. नाहीतर रोख दिलेले चार हजार समोरचा विसरतो आणि आठवड्याने डेंटिंग पेंटिंगचं वीस हजारांचं बिल येतं. कुणाला लागलं असेल तर मात्र असं मिटवू नका. मागून धक्का बसला की मानेला झटका बसतो आणि दुखायला दुसऱ्या दिवशी लागतं. त्यासाठीच ते सीटवरचं हेडरेस्ट, ते कानाच्या उंचीला हवं, मानेच्या खाली नाही. दुखायला लागलं की डॉक्टरकडे जाऊन अपघाताने लागलंय असं सांगून कागद करून घ्या, नंतर कुठलाही दावा त्या कागदावर उभा राहतो.

इन्शुरन्सचं थोडक्यात. तुमची कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान पण धरणारी पॉलिसी असेल तर चूक कोणाचीही असो, तुमची गाडी तुमच्या कंपनीकडून दुरुस्त होते, फक्त दारू, लायसन्स नसणं असल्या गोष्टी नसाव्यात. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान धरणारी असेल तर तुमच्या गाडीला काही नाही, समोरच्याकडून किंवा त्याच्या कंपनीकडून मागावं लागतं, खाजगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, पण त्यासाठी ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, म्हणून लोक कंटाळून सोडून देतात. छोट्या नुकसानीला क्लेम टाकायच्या आधी नो क्लेम बोनस (क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) बघा. समजा बंपर ९ हजारांचा आहे आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. प्लॅस्टिकला ५० टक्के घसारा कापला, साडेचार राहिले, त्यातून छोट्या गाडीला स्वतः भरायचे कंपल्सरी एक हजार गेले, हातात साडेतीन. आणि तुमचा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम १२ हजार असून त्यावर ५० टक्के बोनस मिळत असेल तर पुढच्या वर्षी सहा हजार जास्त भरणार, आणि बोनस परत २० टक्क्यांपासून चढायला लागणार. असा क्लेम टाकू नये. काच फुटली, डिकी आत गेली, चॅसीला लागलंय अशी शंका असेल तर टाकावा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला काही खोलू देऊ नये.

दुखापत किंवा त्याहून वाईट काही झालं असेल तर एफआयआर होते, बेदरकार ड्रायव्हिंगला आता भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, दुखापतीला १२५, मृत्यूला १०६. हे झालं फौजदारी. भरपाई वेगळीकडे मिळते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असा २०२२ पासून नियम आहे, तुमच्या केसचा अहवाल गेला का हे स्टेशनला विचारत राहा. दावा टाकायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे त्यामुळे प्लॅस्टर निघू दे मग बघू असं करू नका. ट्रिब्युनलमध्ये फौजदारीसारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवते एवढं बघतात, त्यामुळे चार्जशीट तुमच्यावर असली तरी तिथे वाटणी वेगळी होऊ शकते. आणि तुम्ही कुणाच्या तरी गाडीत मागे बसलेले पॅसेंजर असाल तर दोन्ही ड्रायव्हरांच्या भांडणात पडायचं कारणच नाही, दोघांची चूक असली तरी पूर्ण भरपाई त्यांच्यातल्या कोणाकडूनही मागता येते, टक्के त्यांनी आपसात वाटून घ्यायचे (सुप्रीम कोर्ट, खेन्येई प्रकरण, २०१५).

दावा अपघात जिथे झाला तिथेच टाकावा लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये पण टाकता येतो, म्हणजे पनवेलला गाडी ठोकली गेली म्हणून लातूरच्या माणसाने दर तारखेला पनवेलला यायची गरज नाही.